दोन तासांचा शनिवार

पुण्यात माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारलंय: ‘सर, अमेरिकेतल्या जेरी लुईसच्या 1963 मधल्या टीव्ही शोवर टिपण लिहायचंय. एवढा मोठा विनोदी नट, पाठीशी चॅनेलचा पैसा, स्वतःच्या नावाचं थिएटर, शनिवारची रात्र, सलग दोन तास, तेही लाइव्ह. आणि तेरा भागांत गाशा गुंडाळला. त्याचा विनोद कमी पडला का? आणि आज मराठीत आठवड्याला दोन तासांचा असा व्हरायटी शो, म्हणजे गाणी, नाच, स्किट, किस्से सगळं एकत्र, काढायचा म्हटलं तर?’

शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. पंचवीसेक वर्षं मी टीव्हीच्या फ्लोअरवर, फ्लोअर मॅनेजर म्हणून काढली. कानात डायरेक्टरचा आवाज देणारा टॉकबॅक, गळ्यात स्टॉपवॉच, हातात क्यू शीट, म्हणजे कशाला किती मिनिटं याचा कागद. शो बुडाला की लोक विचारतात, कोण कमी पडलं? मी विचारतो, रनिंग ऑर्डर, म्हणजे कशानंतर काय आणि किती वेळ, काय होती? हा माझा आजार समज, पण उत्तर त्याच वाटेने येणार.

जेरी लुईसचा शो एबीसी या अमेरिकन चॅनेलवर 21 सप्टेंबर 1963 ला सुरू झाला आणि 21 डिसेंबरला संपला. मध्ये केनेडींच्या हत्येमुळे एक शनिवार गेला, म्हणून चौदा शनिवारांत तेरा भाग. वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकरा. जाहिराती धरून सगळे मिळून सव्वीस तास. हा आकडा आता आपल्या मापाने मोज. दोन अंकी मराठी नाटक अडीच तासांचं धर. सव्वीस तास म्हणजे अशी दहा नाटकं, तीन महिन्यांत, तालमीला सहा-सहा दिवस, आणि प्रत्येकाचा एकच प्रयोग. बालगंधर्वला एखाद्या नाटकाचा पाचशेवा प्रयोग लागतो, तेव्हा लेखकाने ते एकदाच लिहिलेलं असतं. नट पंचविसाव्या प्रयोगापर्यंत शिकत असतो की कुठल्या वाक्यावर किती थांबलं तर हशा पुरता येतो. लुईसला हे सगळं शनिवारी रात्री एका फटक्यात जमवायचं होतं आणि रविवारी सकाळी पाटी पुन्हा कोरी.

त्याला टीव्ही नवा नव्हता. गायक डीन मार्टिनबरोबरची त्याची जोडी 1946 ते 1956 अशी दहा वर्षं टिकली. 1950 पासून एनबीसी या दुसऱ्या चॅनेलच्या ‘कोलगेट कॉमेडी अवर’मध्ये दोघं झळकत होते. पण त्या कार्यक्रमाचे सूत्रधार आळीपाळीने यायचे. आज हे, पुढच्या वेळी दुसरे. आपली पाळी येईपर्यंत लिहायला, घासायला, टाकून द्यायला उसंत मिळायची. टिपणात ही गोष्ट ठळक लिही, कारण पुढचा सगळा घोळ ती विसरल्याने झाला असं माझं मत आहे.

मग 1962 चा उन्हाळा आला. एनबीसीच्या ‘टुनाइट शो’मधून जॅक पार बाहेर पडला होता, जॉनी कार्सन अजून यायचा होता. मधल्या काळात त्या खुर्चीवर पाहुणे बसत. लुईसही बसला आणि धमाल उडवली. ती पाहून एबीसीवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. आपल्याकडे जावई चार दिवस येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक कोटीवर सासरचे हसतात. तोच घरजावई झाला की आठव्या दिवशी सासूबाई म्हणतात, ‘अहो, हे परवाच सांगितलंत.’ लुईसला पाहुणा म्हणून जोखलं आणि घरजावई करून घेतलं. शिवाय ‘टुनाइट’ हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम. तिथे प्रेक्षक सैल बसलेला असतो, सूत्रधार अघळपघळ बोलला तर ते शोभतं. शनिवारी साडेनऊला तोच प्रेक्षक ‘दाखवा काय दाखवताय’ म्हणून बसतो.

एबीसी तेव्हा तीन चॅनेलांमधलं तिसरं. तिसऱ्या नंबरवाल्याला मोठा डाव टाकायची घाई असते. हॉलीवूडच्या व्हाइन स्ट्रीटवरचं एल कॅपिटन थिएटर नव्याने सजवून त्याला जेरी लुईसचं नाव दिलं गेलं. पहिल्या रात्री झकपक पोशाखातले प्रेक्षक, आणि नेमका त्याच रात्री ध्वनियंत्रणेने आणि सभागृहातल्या चित्र दाखवणाऱ्या पडद्याने दगा दिला. लाइव्ह असल्यामुळे लपायला जागा नव्हती. समोरच्या चॅनेलवर काय होतं तेही बघ. एनबीसीवर नऊला सिनेमा सुरू झालेला असायचा, सीबीएसवर दहाला ‘गनस्मोक’ ही काउबॉय मालिका. साडेनऊला सिनेमात गुंतलेला माणूस चॅनेल का बदलेल?

तुझ्या वाचनात पहिल्या रात्रीच्या त्या फजितीवर पानंच्या पानं येतील. ती वाच आणि बाजूला ठेव. माईक बंद पडल्याने शो बंद पडत नाही. माझ्या हयातीत शंभर वेळा माईक बंद पडलाय. चांगल्या सूत्रधाराला तर ती पर्वणी असते.

मला विचारशील तर मेख त्या दोन तासांत होती. कार्यक्रम केवढा असावा हे लेखकांच्या वहीवरून ठरायला हवं. इथे दोन तास हा भव्यपणाचा आकडा होता, करारात आणि जाहिरातीत शोभणारा. आधी भांडं आणलं आणि मग त्यात काय शिजवायचं ते शोधत बसले.

माझ्याही वाट्याला असा एक शनिवार आला होता. चॅनेलचं आणि स्टारचं नाव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली. शो पुण्यातूनच करायचा, मुंबईला जायचं नाही, असा आमचा हट्ट. पौड रस्त्याला भूगावच्या पुढे एक गोडाऊन भाड्याने घेतलं आणि आत सेट उभा केला. सोनेरी कमान, तिच्यावर दिव्यांची माळ, मधोमध फिरता रंगमंच. मुहूर्त जूनचा आणि गोडाऊनला पत्रे. पहिल्याच भागाला मृगाची सर आली आणि ऑडिओवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पत्र्यावरच्या त्या ताशापुढे कॉलर माईक काय करणार? लाइव्ह नव्हतं, पण शुक्रवारी रात्री शूट आणि शनिवारी रात्री टेलिकास्ट. म्हणजे लाइव्हचा ताण सगळा, मजा काहीच नाही.

त्या भागाचं क्यू शीट मी अजून जपून ठेवलंय. दोन रकाने: ठरलेला वेळ, लागलेला वेळ. स्टारची एंट्री आणि स्वागत, ठरली 4 मिनिटं, लागली 11. पहिलं स्किट, 9 आणि 14. स्टारचा किस्सा, 6 आणि 19. लावणी, 5 आणि 5.

ती लावणीवाली बाई मी विसरणार नाही. स्किट सुरू व्हायच्या आधीच मी तिला ‘स्टँडबाय’ दिला होता. ती विंगेत उभीच. बसली तर नऊवारीच्या निऱ्या चुरगळतात. पायात चाळ बांधलेले, ते वाजले तर माईकमध्ये आवाज जाईल म्हणून पाऊलसुद्धा हलवत नव्हती. स्किट लांबलं, मग किस्सा सुरू झाला आणि तो संपेना. अर्ध्या तासाच्या वर ती तशीच उभी. शेवटी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, ‘दादा, आमच्या बारीत एवढ्यात चार लावण्या झाल्या असत्या.’ मग तिचं नाव पुकारलं गेलं, ती गेली, पाच मिनिटांत काम चोख करून आली. घामाचा थेंबही मेकअपमध्ये जिरवून.

तो किस्सा चालू असताना पॅनलमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, डायरेक्टर कानात ओरडतोय, ‘गुंडाळायला सांग, गुंडाळायला सांग.’ मी कॅमेरा दोनच्या खाली उकिडवा बसून हवेत बोट फिरवतोय. आमच्यात ती गुंडाळण्याची खूण. स्टारने मला पाहिलं, थांबला, आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, ‘हे बघा, हे मला गप्प बसवतायत!’ प्रचंड हशा. टाळ्या. कॅमेरा माझ्यावर. मी तसाच उकिडवा, बोट वर. त्या हशावर त्याने आणखी तीन मिनिटं काढली. एडिटमध्ये ती कापायला कुणी धजावलं नाही, कारण हशा खरा होता. पुढच्या आठवड्यापासून माझ्या खुणेला काही अर्थ उरला नाही. मी बोट फिरवलं की लोक हसायचे.

स्टार हाच शोचा चेहरा होता आणि निर्मितीतही त्याची भागीदारी होती. त्याला ‘पुरे’ कोण म्हणणार? चॅनेलचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, त्याच्याबरोबर सेल्फी काढून गेला होता. म्हणून लुईसबद्दल वाचताना मी सारखा शोधत राहतो की त्या थिएटरात त्याला ‘पुरे’ म्हणू शकेल असा माणूस कोण होता. शोला त्याचं नाव, इमारतीला त्याचं नाव. तिथल्या फ्लोअर मॅनेजरची मला कीव येते.

दुसरी गोष्ट लेखनाची. आमचा मुख्य लेखक पुरुषोत्तम करंडक गाजवून आलेला पोरगा. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही होती. कॉलेजपासून टिपलेली पात्रं, कोट्या, बसमध्ये ऐकलेली वाक्यं, मावशीच्या लकबी. पहिला भाग लिहिताना तो वही उघडायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. चौथ्या भागाला वही संपली. सात वर्षांची पुंजी चार शुक्रवारांत. त्यानंतर मंगळवारी रात्री लिहायचं, बुधवारी चॅनेलला पाठवायचं, गुरुवारी ‘थोडं रिलेटेबल करू या’ असा निरोप यायचा आणि शुक्रवारी दुपारी नटाच्या हातात गरम कागद. तालीम मेकअपच्या खुर्चीत. नट चांगले होते, पण पाठ न झालेला विनोद आणि कच्चा भात, दोन्ही पोटात दुखतं.

उतरण कशी लागते ते एकदा जवळून बघावं. पहिल्या भागाला उत्सुकतेपोटी टीआरपीचा आकडा बरा आला, दुसऱ्याला घसरला. मग उपाय सुरू झाले. लहान मुलांचा नाच घाला. प्रश्नमंजूषा घाला, प्रेक्षकांना साड्या द्या. पाचव्या भागात एक गृहस्थ तीन कुत्री घेऊन आले. कुत्र्यांनी त्यांचं काम वेळेत केलं, क्यू शीटवर नोंद आहे. प्रत्येक उपायाने शोचा थोडा थोडा चेहरा पुसत गेला आणि सहाव्या भागानंतर प्रोमो कापणाऱ्या मुलालाच कळेना की हा शो कशाचा आहे. नवव्याला पॅक-अप. सेट भंगारात गेला असेल असं मला वाटलं होतं. त्या वर्षी गणपतीत पेठेतल्या एका मंडळाच्या रांगेत उभा होतो, तर मांडवाला आमचीच सोनेरी कमान. दर्शनाची रांग आमच्या फिरत्या रंगमंचावरून जात होती. तो फिरत नव्हता. आमच्याकडेही दुसऱ्या भागानंतर फिरला नव्हता.

लुईसच्या गोष्टीचा पुढचा भाग बरेच जण लिहीत नाहीत, तो तू जरूर लिही. 4 जानेवारी 1964 ला, म्हणजे शेवटच्या भागानंतर दोनच आठवड्यांनी, त्याच चॅनेलवर, त्याच इमारतीतून, शनिवारी रात्रीच ‘हॉलीवूड पॅलेस’ नावाचा व्हरायटी शो सुरू झाला. पहिला सूत्रधार गायक बिंग क्रॉस्बी. तो शो 1970 पर्यंत चालला. बदललं काय? दोन तासांचा एक तास केला. लाइव्ह सोडून रेकॉर्ड करायला लागले. आणि दर आठवड्याला सूत्रधार वेगळा, म्हणजे पुन्हा ‘कोलगेट’चा आळीपाळीचा न्याय. गंमत म्हणजे पाहुण्या सूत्रधारांमध्ये डीन मार्टिनही होता. जून 1964 मध्ये रोलिंग स्टोन्स त्या मंचावर आले तेव्हा सूत्रधार तोच. पुढे 1965 पासून 1974 पर्यंत एनबीसीवर त्याचा स्वतःचा शो चालला आणि तालमीला फारसं न येण्याबद्दल तो प्रसिद्ध होता! यातून तालीम नको असा अर्थ काढू नकोस. बाकीचे तालीम करत, शो रेकॉर्ड होई, आणि त्याचा सैलपणा तासाभराच्या चौकटीत बसवलेला असे. लुईस स्वतः 1967 मध्ये एनबीसीवर पुन्हा आला, तेव्हा शो एका तासाचाच होता आणि दोन वर्षं चालला.

सर्वांत लांब पल्ल्याचा गडी एड सलिव्हन. 1948 ते 1971. मूळचा वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. ना गाणं, ना नाच, ना विनोद. यायचा, अवघडून उभा राहायचा, नाव पुकारायचा आणि बाजूला व्हायचा. व्हरायटी शोच्या सूत्रधाराला बाजूला होणं जमलं पाहिजे. ज्याला स्वतःला काहीच करून दाखवायचं नसतं त्याला ते सोपं जातं. हरहुन्नरी माणसाला फार जड.

हे शिकायला अमेरिकेत जायची गरज होती असंही नाही. तमाशा हा आपला व्हरायटी शोच. गण, गवळण, बतावणी, लावण्या, वग. सोंगाड्या कितीही मोठा असो, गणाच्या आधी तो येत नाही. त्याची जागा ठरलेली आणि त्या जागेवर तो राजा. फडात क्रम आधी, माणूस नंतर. माझ्या लहानपणी सिंहगडाच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवून आम्ही दूरदर्शनवर विनायक चासकरांचा ‘गजरा’ हा छोट्या छोट्या नाटुकल्यांचा कार्यक्रम बघायचो. सगळी मिळून छोटी छोटी फुलं, कुठलंच फूल कोमेजेपर्यंत हातात राहायचं नाही.

अलीकडचं बघायचं तर ‘चला हवा येऊ द्या’ 2014 ला सुरू झालं आणि पहिल्या खेपेला 2024 पर्यंत चाललं. नीलेश साबळे लेखक, दिग्दर्शक, सूत्रधार सगळंच, पण हशा एकट्यावर नव्हता. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, प्रत्येकाचा रंग निराळा. सिनेमाच्या प्रसिद्धीला येणारे पाहुणे म्हणजे दर आठवड्याला आयता नवा विषय. आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट ते पोस्टमनचं पत्र. अरविंद जगताप लिहायचे, सागर कारंडे वाचायचे. हसून दमलेल्या घरात चार-पाच मिनिटं शांतता व्हायची, कुणी डोळे पुसायचं, आणि पुढच्या विनोदाला प्रेक्षक पुन्हा ताजा. दोन तास नुसता विनोद वाढलात तर चाळिसाव्या मिनिटाला लोक पोळी बाजूला सारतात. जेवणात ताक कुठे येतं हे ज्याला कळलं त्याला रनिंग ऑर्डर कळली.

हल्ली स्किटं कापून फोनवर बघतात, मग क्रम कशाला, असं काहीजण म्हणतात. फोनवर चालेलही. पण ते कापायला आधी काहीतरी पूर्ण बनवावं लागतं, आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रेक्षकाला फॉरवर्डचं बटण नसतं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. मराठीत आज आठवड्याला दोन तासांचा व्हरायटी शो काढायचा म्हटलं तर मी सलग दोन तास घेणार नाही. दोन दिवस एकेक तास मागेन. जाहिराती जाऊन हाती पाऊण तास राहतो. तेवढाच नीट भरता आला तरी खूप. टेलिकास्टच्या आधी निदान सहा भागांची बँक, म्हणजे तयार साठा, हवी, म्हणजे लेखक आजारी पडू शकेल. लेखक चार, आणि प्रत्येकाला चौथ्या आठवड्यात सुट्टी. सूत्रधाराच्या करारात एक ओळ मी हट्टाने घालून घेईन: फ्लोअरवरची खूण अंतिम. ती ओळ त्याने हसत हसत कापली, तर मी त्या शोला हात लावणार नाही.

टिपण झालं की भेट, पण येताना एक काम करून ये. तुझ्या कल्पनेतल्या शोची रनिंग ऑर्डर लिहून आण, मिनिटांसकट. पहिल्या भागाची नको, ती सगळ्यांकडे तयार असते. सातव्याची आण.